गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदक तीन नावं सांगतात. गीतकार, संगीतकार आणि गायक. ऐकणाऱ्याला हा रेडिओचा शिरस्ता वाटतो, पण त्या प्रत्येक नावामागे एक वेगळा कायदेशीर हक्क उभा असतो. चौथाही एक हक्क असतो, ज्याचं नाव निवेदक सहसा घेत नाहीत. तो म्हणजे ध्वनिमुद्रणाचा, ज्याने पैसे घालून ते करवून घेतलं त्याचा. आपल्याकडच्या कलाकारांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. गाणं म्हणजे एकच वस्तू असं समजून ते एकदाच पैसे घेतात आणि मोकळे होतात.

शेताच्या सातबाऱ्यावर जशी सहहिस्सेदारांची नावं असतात, तशी ती गाण्यावरही असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, सादरीकरण गायक-वादकांचं आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, म्हणजे बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचं. गाणं रेडिओवर लागलं, हॉटेलात वाजलं, मोबाइलवर ऐकलं गेलं, जाहिरातीत वापरलं गेलं की त्या वापराचे पैसे या हिस्सेदारांना मिळायला हवेत. या पैशालाच रॉयल्टी म्हणतात. गाणं बनवताना मिळतं ते मानधन. रॉयल्टी ही त्यानंतर, गाणं वापरात असेपर्यंत येत राहणारी मिळकत.

तुकोबांच्या अभंगाचं उदाहरण घेतलं की हे हिस्से स्पष्ट दिसतात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. वारकरी फडांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पारंपरिक चालही मोकळी. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या संगीतकाराने त्याच अभंगाला स्वतःची चाल लावली असेल, तर ती चाल त्याची किंवा त्याने जिला हक्क दिले त्या कंपनीची. तुम्ही तो अभंग स्वतःच्या चालीत बांधून यूट्यूबवर टाकलात तर कोणी अडवू शकत नाही. त्या संगीतकाराच्या चालीत गायलात तर चालीचा हक्क आडवा येतो. आणि जुनं ध्वनिमुद्रणच उचलून आपल्या व्हिडिओखाली लावलंत, तर चालीबरोबर ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही प्रश्न येतो. व्हिडिओखाली ‘सर्व श्रेय मूळ कलाकारांना’ असं लिहिल्याने यातलं काहीही बदलत नाही. श्रेय देणं ही चांगली गोष्ट आहे, परवानगी ही वेगळी गोष्ट आहे.

हे हक्क किती काळ टिकतात? भारतात शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट ज्याने ते रचले त्या गीतकार किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं असतो. गदिमांचं निधन १९७७ साली झालं, म्हणजे ‘गीतरामायणा’तल्या शब्दांचा कॉपीराइट २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, म्हणून चालींचा हिशेब २०६२ पर्यंत जातो. गाणी तीच, पण शब्द पंचवीस वर्षं आधी मुक्त होणार आणि चाली नंतर. ध्वनिमुद्रणाची मुदत मात्र माणसाच्या आयुष्यावर नसून प्रकाशनाच्या वर्षावर अवलंबून असते, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीचं ध्वनिमुद्रण २०२० संपताच मुक्त झालं, पण तिच्यातले शब्द आणि चाल मुक्त झाले असं त्यावरून ठरत नाही. गायक-वादकांच्या हक्काची मुदत सादरीकरणानंतर ५० वर्षं आहे.

एवढ्या लांब मुदतीचं महत्त्व कलाकाराच्या कारकिर्दीकडे पाहिलं की कळतं. आवाज साठीनंतर साथ देतोच असं नाही. चाली सुचण्याचा काळही प्रत्येकाचा वेगळा. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधी असतो, कलाकाराला त्याच्या जागी असते ती त्याने पंचविशी-तिशीत केलेली गाणी. पण ती त्याच्या नावावर असली तर.

ती नावावर का नसतात, याला इतिहास आहे. हिंदी आणि मराठी चित्रपटसृष्टीत बहुतेकांसाठी एकरकमी मानधनाचीच रीत होती. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. गाण्याचे पैसे एकदा मिळाले की गायकाचा संबंध संपला, असं महंमद रफींचं मत होतं. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं होतं. लताबाईंची भूमिका तेव्हा अनेकांना हट्टीपणाची वाटली. आज कायदा त्यांच्या बाजूला येऊन उभा आहे, आणि तो तिथवर यायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

मधला एक टप्पा कलाकारांच्या विरोधात गेला. गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ साली स्थापन झाली. तिचा आणि चित्रपट निर्मात्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं आणि उलट काही करार नसेल, तर त्या गाण्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालाला स्वतंत्र टिपण जोडून गायकासारख्या कलाकाराला आपला कायदा काहीच संरक्षण देत नाही याकडे लक्ष वेधलं. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क पुस्तकात आले, तरी पैशाचा ओघ फारसा बदलला नाही.

बदल झाला तो २०१२ साली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. तिचा गाभा असा : गीतकार किंवा संगीतकार आपला कॉपीराइट कंपनीला देऊ शकतो, पण रॉयल्टीतला आपला समान वाटा देऊन टाकू शकत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीला देता येतो. कोणी करारात ‘मी रॉयल्टीचा हक्क सोडला’ असं लिहून घेतलं तरी ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. एकच मोठा अपवाद आहे. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजलं तर त्याची वेगळी रॉयल्टी नाही. तेच गाणं टीव्हीवर, रेडिओवर, फोनवर वाजलं की हक्क सुरू.

गायक-वादकांसाठीही त्याच दुरुस्तीत तरतूद आली. त्यांची संघटना, जी आता इसामरा नावाने ओळखली जाते, तिचा आणि म्युझिक कंपन्यांचा यासाठीचा करार मात्र २०२३ साली झाला. कायदा आणि खिसा यांच्यात अकरा वर्षांचं अंतर! आणि वादकांचं काय? कायद्याच्या व्याख्येत वादकही कलावंतच आहे. व्यवहारात ज्या ढोलकीवर लावणी उभी राहते, त्या ढोलकीवाल्याला शिफ्टचे पैसे मिळतात आणि गाण्याच्या माहितीत त्याचं नावही येत नाही. मला हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत बोचरं वास्तव वाटतं.

रेडिओचंही असंच. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे देतो, मग शब्द-चालीचे वेगळे का द्यायचे, असं खासगी वाहिन्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा वेगळा हक्क आहे, असा अंतरिम आदेश आयपीआरएसच्या बाजूने दिला.

आता पैसा प्रत्यक्ष वाटला कसा जातो ते पाहू, कारण स्ट्रीमिंगबद्दल गैरसमज फार आहेत. ‘एका वेळेला इतके पैसे’ असा कुठलाही ठरलेला दर नसतो. स्पॉटिफायसारखे मंच महिन्याच्या उत्पन्नातला साधारण दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढतात आणि एकूण ऐकण्यात ज्याच्या गाण्यांचा जितका हिस्सा, तितका त्यातला वाटा देतात. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका मंचाकडे महिन्यात ३० कोटी रुपये आले, त्यातले २० कोटी वाटायचे आहेत. त्या महिन्यात मंचावर एकूण २०० कोटी वेळा गाणी वाजली आणि तुमचं गाणं २ लाख वेळा वाजलं. म्हणजे दहा हजारांतला एक भाग तुमचा. २० कोटींतले २०,००० रुपये तुमच्या गाण्याचे.

गाण्याचे, तुमचे नव्हेत. हे २०,००० आता दोन वाटांनी जातात. मोठा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि लहान भाग शब्द-चालीकडे. लहान भाग पाचवा हिस्सा आहे असं समजू, म्हणजे ४,००० रुपये. आयपीआरएसच्या नेहमीच्या वाटणीत त्यातला निम्मा प्रकाशकाला, म्हणजे शब्द-चालीचे हक्क घेतलेल्या कंपनीला जातो, पाव गीतकाराला आणि पाव संगीतकाराला. गीतकाराच्या हातात आले १,००० रुपये. आता दुसरी शक्यता पाहा. शब्द आणि चाल तुमचीच, प्रकाशक वेगळा नाही आणि ध्वनिमुद्रणही तुमच्याच खर्चाने तुमच्याच मालकीचं. मग वितरकाचं आणि सोसायटीचं कमिशन वजा जाता जवळपास सगळे २०,००० तुमचे. गाणं तेच, ऐकणारे तेवढेच. फरक फक्त मालकीचा.

याचा अर्थ कंपनीकडे जाऊच नये असा नाही. कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलते, व्हिडिओ करते, गाणं लोकांपर्यंत नेते, आणि दहा गाण्यांतली आठ पडली तर तोटाही तीच सोसते. पण आपण काय देतो आहोत हे कळून द्यावं. आणखी एक, २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला पैसेच मिळत नाहीत. नवख्या कलाकाराने पहिल्या गाण्यावर घर चालण्याची अपेक्षा ठेवू नये. स्ट्रीमिंगमध्ये जमा होतं ते वर्षानुवर्षं आणि गाण्यांच्या संख्येवर.

इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगली शिकलेली मुलंही अडकतात. स्वतः गाणं करणारे कलाकार एखाद्या डिजिटल वितरकामार्फत ते सगळ्या मंचांवर चढवतात, त्याच्याकडून पैसे येऊ लागतात आणि आपली सगळी रॉयल्टी हीच असं त्यांना वाटतं. वितरक बहुधा फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे आणतो. शब्द-चालीचे पैसे दुसऱ्या वाटेने, आयपीआरएसकडून येतात, आणि त्यासाठी आधी सभासद होऊन प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते. ती केली नाही तर तुमच्या गाण्याचा पैसा जमा होऊन धनी न सापडल्यामुळे पडून राहतो.

नोंदीतही घोळ होतात. गाण्याच्या माहितीत गीतकाराचं नाव एका ठिकाणी ‘राजेंद्र’, यूट्यूबवर ‘राजू’, तिसरीकडे नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. त्यातून इंग्रजी स्पेलिंगमध्ये कधी एक ‘ए’, कधी दोन. माणूस एकच असला तरी संगणकाला ते तीन-चार जण वाटतात. म्हणून सोसायटीचा सभासद झाल्यावर आयपीआय नावाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, तो प्रत्येक नोंदीत द्यावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणालाही बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. तो गाण्याच्या फाइलबरोबर गेला की जगात कुठेही वाजलेलं गाणं ओळखता येतं.

आणि वाटणीचा कागद! गाणं पूर्ण झालं त्याच संध्याकाळी, स्टुडिओतून निघायच्या आधी, एका पानावर लिहावं : गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, किती टक्के, चाल कोणाची, किती टक्के, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं. खाली सगळ्यांच्या सह्या. मित्रामित्रांत असं काही लिहायला संकोच वाटतो हे खरं आहे. पण गाणं गाजल्यावर ‘अंतऱ्याची चाल माझी होती’ हा वाद सुरू झाला की मैत्रीही जाते आणि पैसेही अडकतात, कारण वादातल्या गाण्याचा वाटा सोसायटी कोणालाच देऊ शकत नाही.

कार्यक्रमांची रॉयल्टी हा मराठी कलाकारांच्या अधिक जवळचा विषय. नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद झाला, हॉटेलात नववर्षाची पार्टी झाली की परवाना घेणं हे आयोजकाचं काम असतं, गायकाचं नाही. आयोजकाने वाजलेल्या गाण्यांची यादी दिली तर पैसे त्या त्या गीतकार-संगीतकाराकडे जातात. यादी नसेल तर अंदाजाने वाटप होतं आणि अंदाजात नेहमी मोठी नावं जिंकतात. स्वतःची गाणी रंगमंचावर गाणाऱ्या संगीतकाराने म्हणूनच आपली यादी आवर्जून पाठवावी. आपल्याच कार्यक्रमात आपलीच चाल वाजली तरी तिची रॉयल्टी आपल्याला मिळते.

लग्नाचं मात्र वेगळं आहे. धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले सोहळे, अगदी वरातही, कायद्याने रॉयल्टीतून वगळलेले आहेत. या सवलतीची सीमा कुठवर, यावरून गोव्यात मोठा वाद झाला. तिथल्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सवलतीबद्दल परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं, कारण परिपत्रकाने कायद्याच्या शब्दांपेक्षा सवलत जास्त ताणली होती.

हळदीच्या आगरी-कोळी गाण्यांचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं. रायगड-ठाण्यात हळदीला डीजेवर वाजणाऱ्या गाण्यावर कदाचित एक रुपयाही येणार नाही. तेच गाणं यूट्यूबवर लाखोंनी पाहिलं जातं, त्यावर रील बनतात, आणि पैसा तिथे आहे. खानदेशातल्या अहिराणी गाण्यांचंही तेच. त्यातला कितीतरी भाग मूळ गायक-गीतकाराकडे येत नाही, कारण गाणं गाजण्याआधीच कोणीतरी चार आकडी रक्कम देऊन सगळं लिहून घेतलेलं असतं.

म्हणून कराराचा कागद पुढे आला की काय वाचायचं ते सांगतो. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी’ हे शब्द शोधा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणजे कागद गप्प असला की कायदा कलाकाराच्या बाजूने बोलतो, आणि ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालून तोच आवाज बंद केला जातो. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेख नसेल तर, जात नाहीत. कंपनीने हक्क घेऊन एक वर्षभर गाणं वापरलंच नाही तर ते हक्क संपतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. या प्रत्येक मुद्द्यावर बोलता येतं, मुदत दहा वर्षं करून मागता येते. समोरचा नाही म्हणेल, पण विचारणाऱ्याशी तो वेगळ्या पद्धतीने वागतो. २०१२ च्या आधीच्या करारांचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, त्यासाठी या विषयातला वकीलच गाठावा.

२०२० मध्ये टाळेबंदीत नाट्यगृहं बंद झाली, जत्रा थांबल्या, तमाशाचे फड घरी बसले. ज्यांची सगळी मिळकत सुपारीवर होती ती एका आठवड्यात शून्य झाली. ज्यांच्या नावावर नोंदलेली गाणी होती त्यांच्याकडे थोडं का होईना, येत राहिलं, कारण घरी बसलेले लोक गाणी ऐकतच होते. रॉयल्टीने फार थोडे जण श्रीमंत होतात. बाकीच्यांना तिचा उपयोग वेगळा आहे. हातात थोडा आधार असला की न पटणारं काम नाकारता येतं, पुढच्या गाण्याच्या स्टुडिओचा खर्च स्वतः उचलता येतो आणि मग त्या ध्वनिमुद्रणाची मालकीही आपलीच राहते. रॉयल्टीच्या तपशिलातून आपलं गाणं कुठे ऐकलं जातं तेही दिसतं. परदेशी सोसायट्यांशी आयपीआरएसचे परस्पर करार आहेत, त्यामुळे लंडनला किंवा न्यू जर्सीला वाजलेल्या मराठी गाण्याचा वाटाही नोंद असेल तर इथवर येऊ शकतो.

शेवटी वारसांबद्दल. अनेक शाहिरांच्या, गीतकारांच्या, लोककलावंतांच्या घरात आज त्यांच्या वह्या आहेत, जुन्या कॅसेटी आहेत, पण या वाटेची माहिती नाही. कलाकार गेल्यावरही शब्द-चालीचा रॉयल्टीचा हक्क साठ वर्षं वारसांकडे चालतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याची कागदपत्रं लागतात, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामांची यादी लागते. कॅसेटचं वेष्टन, आकाशवाणीची करारपत्रं, चित्रपटाच्या श्रेयनामावलीचा फोटो, वहीतलं हस्ताक्षर, हे सगळं पुरावा म्हणून कामी येतं. कॅसेटी भंगारात जाण्याआधी त्यांच्या वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, गाण्यांची नावं आणि कंपनीचं नाव वाचता येईल असे.